संगणकाच्या पोटातले पाणी

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले आणि त्यावर तांब्याचा एक चौकोनी ठोकळा उताणा ठेवलेला. तळहाताच्या खोलगटात मावेल एवढाच. चार स्क्रू काढून झाकण उचलले की आत कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, उभ्या पट्ट्या दिसतात. दोन पट्ट्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्या फटींत पांढुरका, चिकट साका बसला आहे. पुण्यातला माझा भाचा जुना टूथब्रश घेऊन तो साका काढतो आहे, पट्ट्यांच्या दिशेनेच ब्रश फिरवत, आडवा हात चुकूनही न मारता. शेजारी कॅबिनेट उघडे पडले आहे आणि त्यातून सोडवलेल्या नळ्या स्वयंपाकघरातल्या परातीत निथळत आहेत. वर्षातून एकदा हा कार्यक्रम असतो: संगणकातले पाणी बदलायचे.

"हे पाणी संगणकात आणलं कोणी रे?" मी विचारले. "गेम खेळणाऱ्यांनी, मावशी. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील," तो मान वर न करता म्हणाला. उत्तर खोटे नव्हते; पण ते वाटेच्या शेवटच्या वळणापुरतेच खरे होते. त्याच्या हातातल्या तांब्याच्या ठोकळ्याची, त्यावरच्या रबरी कडीची, नळीच्या टोकाच्या आट्यांची, एवढेच काय त्या पांढऱ्या साक्याचीसुद्धा एकेक वंशावळ आहे, आणि ती अडीचशे वर्षे मागे जाते. त्या वाटेने आपण आज सावकाश चालत जाऊ.

निघण्याआधी ओझे किती आहे ते पाहून घ्यावे. घरातल्या इस्त्रीचा तळ तापतो, पण तिची हजार वॅट उष्णता तळहातापेक्षा मोठ्या पत्र्यावर पसरलेली असते. प्रोसेसरची चिप दोनएक चौरस सेंटिमीटरची असते आणि जोरात काम करताना तेवढ्याशा जागेतून शंभर-दीडशे वॅट बाहेर पडतात. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला तर इस्त्रीच्या दहापटीहून अधिक. ही उष्णता उचलायला हवा फार दुबळी आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी तेवढ्याच तापमानवाढीत हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून तीनशे वॅट ओतत असतील, तर एका फेरीत पाणी जेमतेम एका अंशाने तापते. म्हणूनच लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या बंद वाटेत, आधी काय जोडले आणि नंतर काय, याने फारसा फरक पडत नाही. सगळीकडचे पाणी जवळपास सारखेच कोमट असते. मात्र पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेते. शेवटी ती रेडिएटरच्या पत्र्यांतून खोलीतल्या हवेतच सोडावी लागते. मे महिन्यात नागपूरला खोलीच त्रेचाळीस अंशांवर गेली, तर लूपमधले पाणी त्याहून वरच राहणार. कितीही महागडा रेडिएटर लावला तरी ते त्याखाली जाणार नाही.

कोणत्या पदार्थात किती उष्णता मावते हा प्रश्न शास्त्राच्या चौकटीत प्रथम बसवला तो जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनज्ञाने, १७६० च्या सुमारास, ग्लासगोत. त्याच विद्यापीठात जेम्स वॉट नावाचा तरुण उपकरणे दुरुस्त करी. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक नमुनाप्रत त्याच्याकडे दुरुस्तीला आली आणि त्याच्या लक्षात आले की एकच नळकांडे आळीपाळीने तापवण्या-थंड करण्यातच बहुतेक वाफ वाया जाते. १७६५ मध्ये त्याला तोड सुचली: थंड करण्याचे काम वेगळ्या भांड्यात करायचे आणि ते भांडे कायम थंड पाण्यात ठेवायचे. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. वाफेच्या इंजिनाने जग बदलले हे आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या पोटातली खरी युक्ती ही होती की तापण्याची जागा आणि थंड होण्याची जागा वेगवेगळ्या करायच्या. भाच्याच्या कॅबिनेटमध्ये तांब्याचा ठोकळा एका टोकाला आणि रेडिएटर दुसऱ्या टोकाला आहे तो याच विचाराने. नंतर १७७१ मध्ये ख्रिश्चन एरेनफ्रीड वायगल या जर्मन अभ्यासकाने ऊर्ध्वपातनासाठी नळीत नळी बसवली. आतून वाफ जायची आणि बाहेरच्या नळीतून थंड पाणी उलट दिशेने वाहायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण ज्याला लीबिगचा कंडेन्सर म्हणून ओळखतो तो हाच. युस्टुस फॉन लीबिगने तो पुढच्या शतकात घरोघरी नेला, नाव त्याचे चिकटले आणि वायगल मागे पडला. वाहत्या पाण्याने सतत उष्णता नेत राहण्याची कल्पना ज्या माणसाने प्रत्यक्षात उतरवली, त्याचे नाव रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसते, याची हळहळ वाटते.

यापुढे पाणी चाकांवर चढले. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत पाणी होते, पण फिरते नव्हते. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि पुन्हा भरावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या मोटारीतून निघाली. शंभरएक किलोमीटरच्या त्या प्रवासात वाटेतल्या गावांत थांबून पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. मोटारीच्या इतिहासात तो प्रवास धाडसाचा म्हणून सांगतात. आपल्या मागोव्यात तो तहानेचा प्रवास आहे. ती तहान भागवली विल्हेल्म मायबाखने. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीझ ३५ या गाडीच्या तोंडावर त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटर बाय सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र डाखून तो केलेला होता. नळ्यांतून हवा आरपार जाई, नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी झिरपत जाई आणि मागे पंखा. पाणी बंद वाटेत फिरत राहिले, तेच ते पाणी परत परत कामाला येऊ लागले. संगणकाच्या कॅबिनेटच्या छताला आज जो रेडिएटर टांगतात, त्याची कुळकथा थेट इथे पोचते. आणि पुढे आपण पाहू की हे नाते नुसते कल्पनेचे नाही, एका काळी संगणकात मोटारीचाच रेडिएटर बसवत असत.

आता एक आडवाट घेऊ, कारण पाणी आले की धातूचे दुखणे येतेच. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. उष्ण समुद्रांत लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शेवाळ-शिंपले यांच्यावर तो उपाय होता. १७६३ मध्ये तळ तपासला तेव्हा किडे नव्हते, पण तांबे धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी कुजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पाहिले तर त्या जागी पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता आणि तांब्या-लोखंडाचा एकमेकांना स्पर्शच झाला नव्हता. गॅल्व्हानीचा बेडकाच्या तंगडीवरचा प्रबंध यायला अजून २८ वर्षे होती, व्होल्टाची बॅटरी १८०० ची. म्हणजे खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू टेकले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे खलाशांच्या डोळ्यांना आधी दिसले आणि शास्त्राला नंतर कळले. आजही लूप जोडणाऱ्याला पहिला धडा हाच देतात: तांब्याचा ब्लॉक (म्हणजे तो ठोकळा) आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका पाण्यात आणू नकोस. स्वस्तात मिळाला म्हणून कोणी ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडतो आणि काही महिन्यांत त्याला भोके पडतात. ती भोके आणि 'अलार्म'चे खिळे सख्खे भाऊ आहेत.

त्या गोष्टीचा दुसरा अंक मला अधिक आवडतो. १८२४ च्या सुमारास नौदलाने रसायनज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारले की तांब्याचा पत्राही झिजतो, त्याचे काय करावे. डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितले, म्हणजे झीज त्या तुकड्यांची होईल आणि तांबे वाचेल. तसेच झाले. तांबे खरोखर वाचले, आणि त्या वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचे रान माजले. जहाजे मंदावली, तुकडे काढून टाकावे लागले. तांबे किंचित किंचित विरघळत होते म्हणूनच तर जिवाणू-शेवाळ त्याच्याजवळ फिरकत नव्हते. आपल्या घरांत तांब्याच्या हंड्यातले पाणी चांगले मानत आले आणि त्याच वेळी तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हेही प्रत्येक आजीला ठाऊक होते. गुण आणि दोष एकाच विरघळण्याचे. लूपच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून हौशी लोक कधी काळी चांदीच्या तारेचे छोटे वेटोळे टाकत, हल्ली जंतुनाशकाचे थेंब आणि गंज रोखणारे द्रव्य असलेले तयार कूलंट वापरतात. त्या बाटलीवर दोन गुण एकत्र छापलेले असतात, धातू वाचवणारे आणि शेवाळ मारणारे. डेव्हीला एकाच उपायात ते दोन्ही साधता आले नव्हते.

आता संगणकाकडे येऊ. १९४६ च्या एनिॲकमध्ये जवळपास अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि ते यंत्र दीडशे किलोवॅट वीज खाई. उष्णता घालवायला पंखे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेल्या टीआयएफआरॲकमध्ये सुमारे २,७०० नळ्या होत्या. त्याच्या पिढीचा संगणक पाहायला जाणे म्हणजे थंडगार खोलीत जाणे. ट्रान्झिस्टर आले, उष्णता कमी झाली, पण माणसाची भूक वाढली आणि त्याच जागेत अधिक भाग दाटीने बसू लागले. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ची घोषणा केली. त्यातल्या मॉडेल ९१ या अतिवेगवान भावंडात पाणी प्रथम ठळकपणे दिसते. सर्किट बोर्डांवरून हवा वाहायची आणि दोन बोर्डांच्या मध्ये थंड पाण्याच्या नळ्यांचे जाळे असायचे, म्हणजे एका बोर्डाने तापवलेली हवा पुढच्या बोर्डाकडे जाण्याआधी निवायची. पाणी अजून चिपला शिवत नव्हते, शेजारी उभे राहून मदत करत होते.

१९८० मध्ये आयबीएमने ३०८१ हे यंत्र जाहीर केले आणि पाणी आणखी जवळ सरकले. सिरॅमिकच्या एका चौकोनावर शंभराच्या आसपास चिप. प्रत्येक चिपच्या डोक्यावर स्प्रिंग लावलेला एक छोटा धातूचा दट्ट्या, जो चिपला हलकेच टेकून उष्णता वर खेचतो. मधल्या फटींत हेलियम वायू भरलेला, कारण तो हवेपेक्षा उष्णता खूप चांगली वाहतो. आणि या सगळ्यावर पाण्याची थंड तबकडी. या पेटीला थर्मल कंडक्शन मॉड्यूल म्हणत. हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. शंभर चिमुकले दट्टे, प्रत्येकाची स्प्रिंग वेगळी, कारण चिप कधीच अगदी सपाट बसलेल्या नसतात. एवढी निगुती मला तरी घड्याळजींच्या कामाखेरीज कुठे आठवत नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी सिलिकॉनमध्येच केसाएवढे बारीक चर कोरून त्यांतून पाणी सोडले आणि एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. इस्त्रीशी तुलना करायलाही आता अर्थ राहत नाही. पाण्याचा प्रवाह जितका बारीक चिरला जाईल तितकी त्याची पृष्ठभागाशी लगट वाढते, हे त्यांनी मोजून सिद्ध केले. भाचा ज्या फटींतून ब्रश फिरवतो आहे, त्या फटींचे मूळ या निबंधात आहे. निबंध केवळ चार पानांचा होता. बाजारात त्याचे फळ यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

त्याच काळात महासंगणक बनवणारा सेमूर क्रे वेगळ्या वाटेने गेला. १९७६ च्या क्रे-१ मध्ये फ्रिजात असतो तसा फ्रेऑन स्टीलच्या नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या खांबांत फिरवलेला होता आणि यंत्र ११५ किलोवॅट वीज घेई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे बोर्ड फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते; काचेतून बुडबुडे दिसत. क्रेच्या या कुळातलेच एक यंत्र, एक्स-एमपी, दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी आले. भारताला हवे होते त्याहून कमी ताकदीचे मॉडेल मिळाले. अधिक ताकदीचे यंत्र नाकारले गेल्याच्या त्या वातावरणात १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

आणि मग पाणी नाहीसे झाले. वाटेवरचे हे वळण सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या यंत्रांत तोवर बायपोलर जातीचे ट्रान्झिस्टर असत. वेगवान, पण सदैव तापलेले. सीमॉस जातीचे ट्रान्झिस्टर काम नसताना जवळपास वीजच घेत नाहीत; ते आधी हळू होते, पुढे वेगवान झाले. आयबीएमने १९९० च्या आपल्या मोठ्या यंत्रांत अजून पाणी खेळवले होते, पण १९९४ मध्ये आलेली सीमॉसची यंत्रे साध्या हवेवर चालू लागली. संगणकगृहांतल्या पाण्याच्या पाइपांना कुलपे लागली. टेबलावरच्या संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास घेई आणि त्याला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा व त्यावरचा पंखा पुरे होता. पाण्याने संगणक थंड करण्याची विद्या जुन्या कागदांत आणि निवृत्त अभियंत्यांच्या डोक्यांत गोळा होऊन राहिली.

नेमक्या त्याच पोकळीत हौशी माणसे शिरली, आणि माझ्या मते या कथेचा सगळ्यात गोड भाग हा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. तो ३०० मेगाहर्ट्झचा, पण मदरबोर्डवरचा वेग ६६ वरून १०० केला की बऱ्याचदा निमूटपणे ४५० वर चाले. महागड्या प्रोसेसरचे काम स्वस्तात! विद्यार्थ्यांना, कारागिरांना, रात्री जागणाऱ्या पोरांना चटक लागली. वेग वाढवला की उष्णता वाढते, मग पंखा मोठा, मग आवाज मोठा, आणि मग कोणाला तरी पाणी आठवले. त्यांना आयबीएमचे दट्टे परवडणार नव्हते. म्हणून त्यांनी हाताला आले ते घेतले. माशांच्या टाकीचा पंप, जर्मनीच्या एहाइमचा मिळाला तर उत्तम. तो थेट घरच्या विजेवर चाले, त्यामुळे संगणकाबरोबर सुरू व्हावा म्हणून रिले जोडावा लागे. रेडिएटर म्हणून भंगारातून आणलेला मोटारीचा हीटर कोअर, म्हणजे थंडीत गाडीची आतली हवा उबदार करणारा छोटा रेडिएटर. अमेरिकेत १९७७ च्या पाँटिॲक बॉनव्हिलचा कोअर विशेष नावाजला गेला, कारण त्यावर १२० मिलिमीटरचे दोन पंखे शेजारी शेजारी बसत. तांब्याचा ब्लॉक गॅरेजमध्ये ड्रिल मशिनवर भोके पाडून, करवतीने चर कापून. 'डेंजर डेन' या छोट्या अमेरिकी कंपनीच्या ब्लॉकच्या मालिकेचे नाव 'मेझ', म्हणजे भूलभुलैया, कारण आत पाणी वळणावळणाने फिरे. मायबाखचा रेडिएटर आणि संगणक यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती अशी, एका भंगाराच्या दुकानात.

या माणसांनी बाजारातून उचललेला प्रत्येक तुकडा स्वतःचा इतिहास घेऊन आला. फिटिंगच्या टोकावरचे आटे पाहा. त्यांना 'जी पाव' म्हणतात, पाव इंची. मोजायला गेलात तर बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरहून थोडा जास्त, अर्ध्या इंचाच्याही वर! कारण पाव इंच हे माप मुळात पाइपच्या आतल्या भोकाचे. हे आटे ५५ अंशांच्या कोनाचे, जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडातल्या कारखान्यांपुढे मांडलेल्या प्रमाणाचे वंशज. आपल्या नळाच्या दुकानातला अर्धा इंची बीएसपी नळ याच घराण्यातला. नवशिक्या लूपवाल्याला या 'पाव इंचा'चा जो गोंधळ होतो, तोच प्लंबरच्या हाताखाली नव्याने लागलेल्या पोराला होतो. फिटिंगच्या गळ्यातली काळी रबरी कडी, ओ-रिंग, नील्स ख्रिस्टेन्सनची. डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या या अभियंत्याने १९३७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. पेटंट १९३९ मध्ये मिळाले. आजही फिटिंग पान्याने आवळायचे नसते, हाताने पुरते, कारण पाणी आटे अडवत नाहीत, दबलेली कडी अडवते. जोर केला की कडी चेपते आणि गळती तिथूनच सुरू होते. आणि पंप? माशांच्या टाकीच्या पंपाची जागा पुढे लाइंग कंपनीच्या डी५ ने घेतली. घरातला गरम पाण्याचा नळ उघडताच गरम पाणी यावे म्हणून पाइपांत पाणी फिरवत ठेवायला असे पंप असत. त्याचा गोलाकार रोटर सिरॅमिकच्या एका गोळीवर तोललेला असतो आणि चुंबकाने फिरतो. बाहेरून आत जाणारा दांडाच नाही, म्हणून गळायला जागाही नाही. फिरत्या पाण्यानेच त्या गोळीला वंगण मिळते. तो कोरडा चालवायचा नाही, हा नियम तिथून आला.

पुढचे थोडक्यात सांगता येते. फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ ची प्रेस्कॉट आवृत्ती शंभर वॅटच्या पलीकडे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने २.५ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर असलेला पॉवर मॅक जी५ कारखान्यातूनच द्रवाने थंड केलेला विकायला काढला. त्यातल्या काहींची गळती पुढे बरीच गाजली. स्लोव्हेनियात, जर्मनीत, अमेरिकेत ब्लॉक बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले आणि टकरमनच्या चरांची नक्कल तांब्यात उतरली. २००९ मध्ये डॅनिश असेटेकच्या तंत्रावरचा कॉर्सेअर एच५० आला. ब्लॉक, पंप, नळ्या, रेडिएटर सगळे कारखान्यात जोडून, भरून, सील केलेले. पाणी सर्वांच्या आवाक्यात आले. ज्यांना स्वतःच्या हातांनी नळ्या वाकवायच्या होत्या ते मात्र खुल्या लूपबरोबरच राहिले.

मोठ्या यंत्रांकडे पाणी परतले तेही याच सुमाराला. २०१० मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमध्ये आयबीएमने ॲक्वासार हे यंत्र बसवले. त्यात पाणी थंड नव्हे तर ६० अंशांपर्यंत गरम ठेवले, कारण चिपला तेवढे चालते आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर इमारत उबदार करता येते. पुण्यात २०१८ मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'प्रत्यूष' आला. त्याच्या कपाटांच्या रांगेतून हवा आडवी वाहायची आणि कपाटा-कपाटांमध्ये थंड पाण्याच्या नळ्या तिला निववायच्या. मॉडेल ९१ ची युक्ती, अर्धशतकानंतर पाषाणच्या रस्त्यावर. पुढच्या वर्षी त्याच परिसरात आयसरमध्ये सी-डॅकचा परम ब्रह्म बसला, तिथे द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्ट्यांपर्यंत जातो. २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या बहात्तर चिपच्या एका कपाटाला सुमारे १२० किलोवॅट लागतात, म्हणजे एका अख्ख्या क्रे-१ पेक्षाही थोडे जास्त, आणि ते पाण्याशिवाय चालतच नाही. नव्या केंद्रांत पाइप जोडणाऱ्यांना आज जी काळजी घ्यायला शिकवतात, म्हणजे धातू मिसळू नयेत, पाण्याची तपासणी करावी, हवा काढावी, ती मधल्या दुष्काळी वर्षांत गॅरेजमधल्या पोरांनीही जपली होती.

संध्याकाळ झाली तेव्हा ठोकळा लख्ख झाला होता. तांबे काळवंडले होते ते भाच्याने पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून उजळवले. पूजेच्या तांब्याच्या भांड्यांना आई चिंच लावायची, युक्ती तीच. पांढरा साका नळ्यांतून आला होता, असे त्याने सांगितले. मऊ पारदर्शक नळी लवचिक राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले द्रव्य कोमट पाण्यात हळूहळू सुटते आणि फटींत येऊन बसते. या वेळी त्याने काळ्या रबरी नळ्या आणल्या आहेत, दिसायला साध्या, पण काही न सोडणाऱ्या. रेडिएटर त्याने डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा खळखळून धुतला, शेवटचे पाणी पांढऱ्या वाटीत काढून उजेडात पाहिले. नळाचे पाणी का नाही, हे आमच्या घरात कोणाला विचारावे लागत नाही. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढलेला क्षारांचा थर आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

मग त्याने ब्लॉक बसवला, फिटिंग हाताने फिरवली, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली. संगणकाला वीज न देता फक्त पंप चालावा म्हणून चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेशी एका छोट्या वायरने जोडली. टाकीत कूलंट ओतले, पंप क्षणभर चालू करून बंद केला, टाकी रिकामी होताना पाहून पुन्हा ओतले. पंप घरघरला, हवा होती. "मावशी, त्या बाजूनं धर," म्हणाला, आणि आम्ही दोघांनी कॅबिनेट हळूहळू डावीकडे कलते केले, मग मागे, मग उजवीकडे, अंगडे-टोपडे घातलेल्या बाळाला डोलवावे तसे. रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेले बुडबुडे नळीतून धावत टाकीत आले आणि फुटले. घरघर कमी झाली, मग थांबली. रात्रभर पंप तसाच चालू ठेवून आम्ही झोपलो. सकाळी त्याने टिश्यूच्या घड्या एकेक करून बोटांनी चाचपल्या. सगळ्या कोरड्या होत्या.